लुगडं संपत आलं, गोधडीला मागणी वाढली. पण टाक्याचा भाव ठरवणार कोण?

पौड (ता. मुळशी) : गेल्या पंधरवड्यात आमच्या गावातल्या एका बचत गटाच्या व्हॉट्सॲपवर मेसेज आला. पुण्यातला एक व्यापारी. त्याला ४० गोधड्या पाहिजेत, हातशिलाईच्या, चार बाय सहा फुटी. कापड त्याचं, दोरा त्याचा. एका गोधडीला ६०० रुपये मजुरी. गोधडीवर लेबल मात्र त्याच्या दुकानाचं लागणार.

गटातल्या बाया खूश झाल्या. साहजिक आहे. भाताची झोडणी उरकली की आवणीपर्यंत आपल्या खोऱ्यात बाईमाणसाला रोकड देणारं काम फार थोडं असतं. एक वहिनी मला म्हणाल्या, "भाऊ, तसंही दुपारी बसूनच असतो ना आम्ही. रिकामं बसण्यापेक्षा सहाशे काय वाईट?"

प्रश्न बरोबर होता. माझ्याकडं त्याचं उत्तर नव्हतं. म्हणून मी घरी आलो, आईशेजारी बसलो आणि मोबाईलमध्ये वेळ लावली.

एका गोधडीत किती टाके?

आई सत्तरी ओलांडलेली. आजही नऊवारीच नेसते. गोधडी शिवताना ती एका कोपऱ्यापासून सुरुवात करते आणि कडेकडेने फिरत आत मधोमध येते. दोन ओळींत एका बोटाचं अंतर, म्हणजे साधारण पाऊण इंच. एक टाका आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून अर्धा इंच.

आता हिशेब मांडू. चार बाय सहा फूट म्हणजे ४८ बाय ७२ इंच. पाऊण इंचावर ओळ धरली तर सगळ्या ओळींची मिळून लांबी होते ४,६०८ इंच, म्हणजे ११७ मीटर. अर्ध्या इंचाला एक टाका, म्हणजे टाके झाले ९,२१६.

आईचा वेग मिनिटाला सरासरी चार टाके निघाला. चार-पाच थरांतून सुई काढायची म्हणजे मशीनसारखं सर्रकन होत नाही. त्यामुळं नुसत्या टाक्यांना ३८ तास. कापड जुळवणं, थर लावणं, कच्चा दोरा घालणं, कडा दुमडणं याचे पाच-सहा तास वेगळे. एकूण ४४ तास धरा. हे माझ्या घरातलं मोजमाप आहे. तुमच्या घरात थोडं कमी-जास्त निघेल. एकदा मोजून बघा.

६०० रुपयांना ४४ तासांनी भागलं तर तासाला १४ रुपयेही पडत नाहीत.

२०२५-२६ साठी आपल्या राज्यात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९ रुपये. म्हणजे माती उचलायच्या कामाच्या दरानंसुद्धा एका गोधडीची नुसती मजुरी १,७१६ रुपये होते. आणि ही तर कसबाची सुई आहे.

पूर्ण ऑर्डरीचा हिशेब अजून बोलका आहे. ४० गोधड्या म्हणजे १,७६० तास. गटात दहा बाया. घरकाम सांभाळून एकीनं रोज तीन तास दिले तर काम उरकायला दोन महिने लागतात. मिळणार एकूण २४ हजार, म्हणजे प्रत्येकीला २,४००. महिन्याला पडले १,२००. लाडकी बहीणचे महिन्याला १,५०० येतात. इथं डोळे आणि बोटं झिजवून त्याहून कमी.

हे आकडे गटाच्या बैठकीत सांगितले तेव्हा थोडा वेळ कुणी बोललं नाही.

कोल्हापुरी चपलेनं काय शिकवलं?

ही गोष्ट एका गावाची किंवा एका व्यापाऱ्याची नाही. आपल्या आज्यांच्या अंगावर जे होतं, त्याला सध्या बाजारात मोठा भाव आहे. नऊवारी, खण, इरकल, नथ, चंद्रकोर, कोल्हापुरी चप्पल. 'वारसा' हा शब्द लागला की वस्तूची किंमत चढते. चढलेली किंमत कुणाच्या हातात जाते, हा खरा प्रश्न आहे.

२०२५ च्या जूनमधली बातमी तुम्ही मोबाईलवर पाहिली असेल. इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या बड्या कंपनीच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली. कोल्हापूरचं नाव सुरुवातीला कुठंच नव्हतं. आपल्याकडं ओरड झाली, महाराष्ट्र चेंबरनं कंपनीला पत्र लिहिलं. मग ही चप्पल भारतातल्या पारंपरिक चपलेवरून सुचल्याचं कंपनीनं मान्य केलं. जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. डिसेंबरमध्ये कंपनीनं जाहीर केलं की महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारागिरांकडून २,००० जोड बनवून घेणार आणि एका जोडाची किंमत ८०० युरोच्या आसपास ठेवणार. आपल्या रुपयात ८० हजारांच्या पुढं.

यातली एक बाब बातम्यांत मागं पडली, पण आपल्यासाठी तीच महत्त्वाची आहे. मधल्या काळात काही जण प्राडाच्या विरोधात मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. ती जनहित याचिका जुलैमध्ये फेटाळली गेली. न्यायालयाचा रोख असा होता, की कोल्हापुरी चपलेच्या नावाची कायदेशीर नोंद ज्यांच्याकडं आहे त्यांनी यावं. तुमचा यात अधिकार काय?

ती नोंद म्हणजे जीआय, भौगोलिक मानांकन. कोल्हापुरी चपलेला ते २०१९ मध्ये मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. नोंद दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे. डिसेंबरमधला करारही कंपनीनं याच दोन महामंडळांशी केला.

म्हणजे ओरड सगळ्यांनी केली, पण टेबलावर बसायला मिळालं ते कागदावर नाव असलेल्या संस्थांना. एकट्या कारागिराशी कुणी करार करायला येत नाही. त्याला फक्त रेट सांगितला जातो.

आपल्याकडचा कच्चा माल म्हणजे लुगडं, आणि तेच संपत आलंय

गोधडीची गंमत अशी की तिचा कच्चा माल दुकानात मिळत नव्हता. तो घरातल्या बाईच्या अंगावरच तयार व्हायचा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास सुती कापड. वर्षानुवर्षं धुवून-आपटून मऊ झालेलं. त्याच्या चार घड्या केल्या की एका माणसाच्या गोधडीचे चार थर एकाच लुगड्यातून निघायचे. वरून जुन्या परकर-पोलक्याचे, खणाच्या चोळीचे, धोतराचे तुकडे. कुठला तुकडा कुणाच्या लग्नातला, हे आईला आजही आठवतं. आमच्या घरी गोधडी मधोमध बंद करताना आत भाकरीचा एवढासा तुकडा घालायची रीत होती. गोधडी उपाशी राहू नये म्हणून.

आता गावात नऊवारी नेसणाऱ्या बाया बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्याही साठी-सत्तरीच्या पुढच्या. सुना सहावारी किंवा ड्रेस घालतात, त्यातही कापड बहुतेक पॉलिस्टरचं. त्याची गोधडी होते, पण ती सरकते, घाम पीत नाही, सुईलाही जड जाते. म्हणजे ही पिढी गेली की लुगड्याची खरी गोधडी शिवायला लुगडंच राहणार नाही.

मग उरतं काय? उरतो तो हात. विकत घेतलेल्या सुती कापडावरसुद्धा तोच धावदोरा, तेच कोपऱ्यातून आत येणं. व्यापाऱ्याला कापड कुठंही मिळतं. ते तो स्वतःच देतोय. त्याला विकत पाहिजे ती आपल्या बायांची सवय, जी मशीनला जमत नाही आणि शहरात कुणाला येत नाही. आपण मात्र तीच सगळ्यात स्वस्त धरतोय.

खणाचंही थोडं समजून घेऊ. आज पुण्यात खणाची पर्स, खणाचं तोरण, डायरीला खणाचं कव्हर, मुलींची शिवलेली नऊवारी, गौरीला नेसवायची तयार साडी, गुढीचं वस्त्र, नऊवारीतली बाहुली असं सगळं जोरात चालतं. खण म्हटला की आपण 'अस्सल मराठी' म्हणतो. पण हातमागाचा खण पिढ्यानपिढ्या विणला जातो तो कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला. इरकल त्याच जिल्ह्यातल्या इलकलची. दोन्हींना जीआय कर्नाटकातून मिळालंय. आपल्या आज्या ते नेसल्या, म्हणून ते आपलंही आहेच. वारसा काही राज्याची हद्द बघून थांबत नाही. कोल्हापुरीच्या जीआयमध्ये दोन्ही राज्यं एकत्र आली, ते त्यामुळंच.

पण बाजारात मीटरवर मिळणारा स्वस्त खण बहुतेक यंत्रमागाचा असतो. त्याची पर्स शिवून वर 'हातमाग' लिहिलं तर आपणही तेच करतोय, जे दुसऱ्यानं केल्यावर आपल्याला राग येतो.

गिऱ्हाईक दारात आलंय

मुळशीची एक जमेची बाजू आहे. कोल्हापूरच्या चपलेला मिलानला जावं लागलं. आपलं गिऱ्हाईक हिंजवडी, माण, बावधन, भूगाव, पिरंगुटला राहायला आलंय. ताम्हिणीला पावसाळ्यात गाड्यांची रांग लागते ती आपल्याच दारावरून. पुण्यात डिसेंबरमध्ये भीमथडी जत्रा भरते, तिथं शहरातली माणसं पिशव्या भरून गावाकडचा माल नेतात. सोसायट्यांच्या गणपतीत, संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला स्टॉल लागतात.

या माणसांना गोधडी नुसती पांघरायला नको असते. ब्लँकेट त्यांच्याकडं आहे. त्यांची आजी गावाकडं होती, तिची आठवण त्यांना पाहिजे असते. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. त्या आठवणीला ते पैसे मोजतात. दुकानदार नेमकं हेच विकतो. म्हणून त्याला आपलं लेबल नको असतं. कोणत्या गावची, कुणी शिवली हे गिऱ्हाइकाला कळलं, तर पुढच्या वेळी ते थेट गावात येईल.

व्यापाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे

व्यापारी म्हणजे लुटारू, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मी त्या व्यापाऱ्याशी फोनवर बोललो. त्याचं म्हणणं सरळ होतं. कापडात पैसा त्याचा अडकतो. फोटो, पॅकिंग, कुरिअर, दुकानाचं भाडं त्याचं. माल परत आला तर नुकसान त्याचं. चाळीसातल्या दहा गोधड्या वर्षभर पडून राहिल्या तर त्याला विचारणारं कोणी नाही. बाजारात मशीनच्या रजया आणि गोधडीचं डिझाईन छापलेल्या चादरी स्वस्तात मिळतात. हातशिलाईची किंमत फार वाढवली तर गिऱ्हाईक तिकडं वळतं.

यात तथ्य आहे. आपल्या गटाकडं दुकान नाही, भांडवल नाही, इंग्रजीत गिऱ्हाइकाशी बोलणारं कोणी नाही. ते काम तो करतो, त्याचा वाटा त्याला मिळालाच पाहिजे. पण दुकानाचं भाडं, कुरिअर, पॅकिंग हे सगळं त्याच्या वहीत मांडलेलं असतं. बाईचे ४४ तास कुणाच्याच वहीत नसतात, तिच्या स्वतःच्यासुद्धा नाहीत. 'बसल्या बसल्या केलं' म्हणून ती सोडून देते. मग ६०० चा आकडा कुठून आला, याचं उत्तर एवढंच, की आपण कधी दुसरा आकडा सांगितलाच नाही.

जीआय मिळालं की सगळं सुटतं का?

बैठकीत एका कॉलेजच्या पोरानं विचारलं, मग आपणही गोधडीचं जीआय काढू या का? विचार चांगला आहे. बंगालची नक्षी कांथा आणि बिहारची सुजनी या आपल्या गोधडीच्या सख्ख्या बहिणीच. त्याही जुन्या साड्या-धोतरांचे थर लावून धावदोऱ्यानं शिवतात. दोघींना जीआय मिळून बरीच वर्षं झाली. आपल्या पुणेरी पगडीला २००९ मध्ये मिळालं, पैठणीला २०१० मध्ये.

पण जीआय एकट्याला मिळत नाही. उत्पादकांची संस्था लागते, ही वस्तू या भागात कधीपासून आणि कशी बनते याचे पुरावे लागतात, अर्ज चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात जातो. मिळालं तरी दर दहा वर्षांनी नूतनीकरण. शिवाय प्रत्येक कारागिरानं 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून आपली नोंद वेगळी करायची असते.

आणि एवढं करून भाव आपोआप चढत नाही, हे मुळशी-मावळच्या शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. आंबेमोहोराला जीआय आहे. तरी पुण्याच्या दुकानात 'आंबेमोहोर' म्हणून काय काय विकलं जातं, ते आपण बघतोच. पैठणीचंही तेच. येवल्याच्या हातमागावर महिनोन् महिने बसून विणलेली पैठणी आणि दोन-तीन हजारांची 'सेमी पैठणी', दोन्हींना लोक पैठणीच म्हणतात. कायदा नाव देतो. ते राखायचं काम आपल्यालाच रोज करावं लागतं.

म्हणून माझं मत असं, की जीआयचा विचार पुढं ठेवावा, पण सुरुवात त्याच्या आधीच्या पायऱ्यांपासून करावी.

आजपासून काय करता येईल?

एक, वेळ लिहा. प्रत्येक वस्तूला किती तास लागले ते वहीत टाका. महिनाभर लिहिलं की भाव सांगताना जीभ अडखळत नाही.

दोन, तळाचा भाव ठरवा. चार बाय सहाच्या गोधडीची मजुरी १,७१६. कापड-दोऱ्याचे ३०० आणि प्रवास-स्टॉलचे २०० धरले तर २,२१६ होतात. स्वतः विकायची तर याच्या खाली तोटा. व्यापाऱ्याला घाऊक द्यायची तर थोडं खाली या, पण किती खाली ते गटानं बसून ठरवा. एकीनं १,५०० सांगितले आणि शेजारणीनं ५०० ला हो म्हटलं, तर दोघींचं नुकसान.

तीन, लहान वस्तू करा. बावीसशेची गोधडी रोज खपणार नाही. बाळाचं दुपटं बघा. अडीच बाय तीन फूट. त्याच हिशेबानं २,८८० टाके, म्हणजे १२ तास. मजुरी पावणेपाचशेच्या आत-बाहेर. बारशाला द्यायला ते घेणारं गिऱ्हाईक जास्त आहे, आणि घरातलं शिल्लक जुनं सुती लुगडं अशा लहान कामाला पुरवून वापरता येतं.

चार, लेबल आपलं. गटाचं नाव, गावाचं नाव, तालुका मुळशी, कापड कोणतं. जुन्या लुगड्याची असेल तर तसं लिहा, नव्या कापडाची असेल तर तसं लिहा. खोटं लिहू नका. व्यापाऱ्याला त्याचं लेबल लावायचं असेल तर लावू दे, पण आपलं काढायचं नाही.

पाच, अर्धी रक्कम आगाऊ. आणि सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर लेखी. किती नग, काय भाव, कधी पैसे. फोनवरचं बोलणं नंतर कुणाला आठवत नाही.

योजनांचं काय?

योजना आहेत, पण त्यात आपलं नाव कुठं बसतं ते बघावं लागतं. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांच्या यादीत दर्जी आहे, बाहुल्या-खेळणी बनवणारा आहे. 'गोधडी शिवणारी' असं वेगळं नाव नाही. ज्या ताई शिवणकाम करतात त्यांनी दर्जी म्हणून अर्ज करता येतो का, ते सीएससी केंद्रात विचारावं. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजानं आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज अशी तरतूद आहे. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, हे लक्षात ठेवा.

केंद्राच्या हस्तकला विभागाचं 'पहचान' नावाचं कारागीर ओळखपत्र असतं. ते काढून ठेवलं तर प्रदर्शनांसाठी आणि विभागाच्या योजनांसाठी उपयोगी पडतं.

बचत गट उमेद अभियानात असेल तर मुंबईचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन आणि 'उमेद मार्ट' हे ऑनलाइन दुकान, दोन्ही वाटा आहेत. आपल्या सीआरपी ताईंना किंवा पौडच्या पंचायत समितीतल्या उमेद कक्षाला विचारा.

ऑनलाइन विकायचं म्हटलं की जीएसटी नंबर लागेल, या भीतीनं बरेच गट थांबतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम थोडा सैल झालाय. मालाची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल आणि विक्री राज्यातल्या राज्यात असेल, तर पूर्ण जीएसटी नोंदणीशिवाय, नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन ऑनलाइन दुकानांवर माल टाकता येतो.

जमिनीचं झालं तेच हाताचं होऊ नये

आपल्या तालुक्यानं एक धडा महागात शिकलाय. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी दलाल दारात आला. त्यानं जो भाव सांगितला तो आपल्याला फार वाटला, कारण आपल्या बापजाद्यांनी जमिनीची किंमत कधी रुपयात मोजलीच नव्हती. सह्या झाल्या. त्याच जमिनीवर आज जे बंगले आणि टॉवर उभे आहेत, त्यांच्या गेटवर आपलीच पोरं वॉचमन आहेत. २०१८ मध्ये त्यावर सिनेमा आला, आपण सगळ्यांनी पाहिला, हळहळलो.

गोधडी, खण, नऊवारी यांचं आता तेच वळण आलंय. फरक एवढाच, की जमीन एकदाच विकली जाते, हाताचं काम रोज विकता येतं. म्हणजे चूक सुधारायला अजून वाव आहे. पण फार वर्षं नाहीत. ज्यांना ही शिलाई येते त्या बायांचे डोळे आता अंधुक व्हायला लागलेत. चांगला भाव मिळाला तरच सुना-लेकी त्यांच्याकडून शिकतील. तासाला १४ रुपयांसाठी कोणती पोरगी सुई धरेल? ती पिरंगुटच्या कंपनीत जाईल, आणि तिचं बरोबरच असेल.

वारसा जपा, असं भाषणात सांगणं सोपं असतं. माझ्या हिशेबानं वारसा जपायचा पहिला खर्च शिवणारीची मजुरी हाच आहे. ती सोडून बाकी सगळं जपलं, तर उरेल ती फक्त दुकानातली पाटी.

आमच्या गटानं शेवटी नकार दिला नाही. व्यापाऱ्याला लेखी उलट निरोप पाठवला : ४० नाही, १५ गोधड्या. कापड-दोरा तुमचा, मजुरी १,५००. अर्धे पैसे आगाऊ. लेबलावर तुमच्या नावासोबत आमच्या गटाचं आणि गावाचं नाव. १,५०० हा आकडाही ३१२ च्या हिशेबात कमीच आहे. पण पहिल्या वेळेला एवढं खाली यायचं, असं बायांनीच ठरवलं.

निरोप वाचल्याच्या दोन निळ्या खुणा दिसतात. उत्तर अजून आलेलं नाही.

तोवर गटातल्या चौघींनी दुपटी शिवायला घेतलीत. आईनं तिचं एक जुनं हिरवं लुगडं ट्रंकेतून काढून त्यांना दिलं. आणि प्रत्येकीच्या पिशवीत आता सुई-दोऱ्याबरोबर एक छोटी वही आहे, तास लिहायला.